दीड रुपया टन

उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी, दांडेलीला, वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस. कंपनी १९५५मध्ये स्थापन झाली तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यातला कारवार जिल्हा होता. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. कारखान्याला हवा होता बांबू, आणि तो दांडेली-हल्याळच्या जंगलात मुबलक होता. सरकारने तो कारखान्याला ज्या दराने देऊ केला तो दर होता टनाला दीड रुपया. त्याच राज्यात सुपं, टोपल्या, कणग्या विणून पोट भरणारे मेदार होते. आपल्याकडचे बुरूड तेच तिकडचे मेदार. त्यांना मात्र बांबू बाजारातून विकत घ्यावा लागे आणि त्यासाठी या दराच्या अनेक पटींनी पैसे मोजावे लागत.

ही तफावत कुणा एका अधिकाऱ्याची लहर नव्हती. तिच्यामागे विज्ञानाचाच एक जुना इतिहास होता. ब्रिटिश वनखात्याच्या लेखी बांबू हे बराच काळ तण होतं. सागाच्या रोपांना तो वाढू देत नाही, म्हणून काढून टाकायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूपासून कागदाचा लगदा करण्याच्या पद्धतीवर काम केलं, आणि कालच्या तणाची कच्च्या मालात गणना होऊ लागली. १९२५मध्ये बांबूपासून कागद करणाऱ्या धंद्याला आयातकराचं संरक्षण देणारा कायदाही झाला. संशोधन धोरणात उतरलं, धोरणातून उद्योग उभा राहिला. या सगळ्या वाटेवर मेदाराला कुणी काही विचारलं नाही. बांबूशी सगळ्यात जुनं नातं ज्याचं, तो त्या हिशेबात नव्हता.

स्वतंत्र भारताने हीच वाट पुढे चालवली. देशाला कागद हवा होता, मागास जिल्ह्यात कारखाना हवा होता, आणि जंगलातला बांबू जणू कधी न संपणारा होता. पंधरा-सतरा वर्षांत तो संपत आल्याची चिन्हं दिसू लागली. १९७५च्या सुमारास मेदारांची तक्रार बेंगळुरूला सरकारदरबारी पोहोचली: कारखान्यांनी बांबू संपवला, आम्ही विणायचं काय? वनखात्याचं उत्तर तयार होतं. गावकऱ्यांची गुरं कोवळे कोंब खातात, गावकरी वणवे लावतात, म्हणून बांबू मरतो.

कर्नाटकचे तेव्हाचे अर्थमंत्री होते एम. वाय. घोरपडे, म्हणजे संडूरच्या मराठा राजघराण्यातले मुरारीराव यशवंतराव घोरपडे. अर्थशास्त्राची जाण असलेला आणि जंगलात तासन्‌तास बसून वन्यप्राण्यांची छायाचित्रं टिपणारा हा माणूस देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात होता. जंगल डोळ्यांनी पाहिलेला अर्थमंत्री असणं ही कर्नाटकच्या भाग्याची गोष्ट होती असं मला मनापासून वाटतं. तक्रार खरी की खात्याचं उत्तर खरं, हे ठरवण्यासाठी त्यांनी खात्याच्याच अधिकाऱ्यांची समिती नेमली नाही. काम गेलं भारतीय विज्ञान संस्थेत, माधव गाडगीळ या तेहतीस वर्षांच्या प्राध्यापकाकडे.

बेंगळुरूचे लोक या संस्थेला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. जमशेटजी टाटांची कल्पना, म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेली जमीन, आणि १९०९ची स्थापना. १९५८पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे, पण सर्वसामान्य नागरिकाच्या मनात तिचं नाव जोडलेलं होतं ते विमानविद्येशी, धातुशास्त्राशी, विजेच्या यंत्रांशी. जंगलात बांबूचे कोंब मोजणारा माणूस तिथे कसा आला, याचं उत्तर सतीश धवन. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८१पर्यंत ते संस्थेचे संचालक होते आणि १९७२पासून अवकाश कार्यक्रमाचेही प्रमुख. माणूस ओळखायचा आणि मग त्याला मोकळं सोडायचं, ही त्यांची रीत. १९७३मध्ये माधव आणि सुलोचना गाडगीळ हे जोडपं तिथल्या सैद्धान्तिक अभ्यास केंद्रात रुजू झालं. भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या केंद्रात एक मान्सूनचं गणित मांडणारी आणि एक प्राणी-वनस्पतींच्या जीवनक्रमाचं गणित मांडणारा.

गाडगीळ हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परतले होते. विल्यम बॉसर्ट यांच्यासोबत त्यांनी १९७०मध्ये लिहिलेला निबंध जीवशास्त्रात आजही अभ्यासला जातो. जीव आपली शक्ती वाढीवर किती खर्च करतो आणि प्रजननावर किती, काही जीव आयुष्यात एकदाच प्रजनन करून का मरतात, याचा तो गणिती विचार आहे. काटेरी बांबू नेमका असाच. चाळीसएक वर्षं नुसता वाढतो, मग मुलूखच्या मुलूख एका वेळी फुलतो, बी धरतो आणि मरून जातो. म्हणजे सरकारने काम सोपवलं ते बांबूच्या आयुष्याचं कोडं आधीच डोक्यात असलेल्या माणसावर. ठरवून हे जुळलं नसेल, पण जुळलं.

आणि दुसरी शिदोरी पुण्याची होती. वडील धनंजयराव गाडगीळ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने शेतकऱ्याचं, मजुराचं, बाजाराचं नेमकं काय झालं हे गावोगाव पाहणी करून मांडणारा त्यांचा अहवाल १९४८मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी प्रकल्पाचा नफा-तोटा कचेरीत नव्हे, शेताच्या बांधावर मोजायचा, ही शिस्त त्या संस्थेने महाराष्ट्राला दिली. शेजारी राहणाऱ्या इरावती कर्वे पायाला भिंगरी लावून माणसं पाहत, माणसांची मोजमापं आणि त्यांची नाती दोन्ही नोंदवत. परदेशातून आल्यावर बेंगळुरूला जाण्याआधी गाडगीळांनी पुण्यात वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. देवराईत एकदा शिरलेला वनस्पतिशास्त्रज्ञ गावकऱ्याला अडाणी समजू शकत नाही, कारण समोर उभं असलेलं जंगल गावकऱ्यानेच राखलेलं असतं.

बांबूच्या कामात त्यांच्यासोबत होते एस. नरेंद्र प्रसाद. पाहणी दोन जातींची: कळक, म्हणजे काटेरी बांबू, आणि मेस, म्हणजे भरीव बांबू. पहिलं काम कागदावरचं होतं. वनखात्याच्या कार्य आयोजनांत बांबूचा किती साठा आहे हे लिहिलेलं असे आणि त्याच्यावरून कारखान्याला दरवर्षी किती तोडता येईल हे ठरे. हे आकडे जंगलात जाऊन पडताळले तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगलेले निघाले. म्हणजे नियमाने तोडलं तरी बेटं उजाड होणारच होती. कारण नियम ज्या आकड्यांवर उभे होते ते आकडेच खोटे होते. लबाडी कुणी केली हा प्रश्न इथे दुय्यम आहे. चुकीचा आकडा एकदा सरकारी आयोजनेत छापला गेला की तो पुढच्या आयोजनेत तसाच उतरतो, आणि कुणी जंगलात जाऊन पाहिल्याशिवाय तो खरा मानला जातो.

दुसरा शोध मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. कळकाच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. कुऱ्हाड आत घालायची तर आधी ते जाळं तोडावं लागतं. वनशास्त्राची समजूत अशी की हे जाळं काढून बेट मोकळं केलं तर नव्या कोंबांना वाढायला जागा मिळते. कारखान्यालाही ते सोयीचं, कारण बुडापासून तोडता येतं आणि बांबू जास्त मिळतो. म्हणून बेटं ‘साफ’ करणं हा शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाचा भाग मानला गेला. स्थानिक लोक गाडगीळांना वेगळंच सांगत होते. काटे काढू नका, काटे हे बेटाचं कुंपण आहे. पावसात नवे कोंब उगवतात ते मऊ, गोड, पौष्टिक असतात. गुरं, सांबर, साळिंदर, वानर, माणूस, सगळ्यांना ते आवडतात. काट्यांच्या आत वाढलेला कोंब वाचतो, उघड्यावरचा खाल्ला जातो.

इथे एखाद्या शास्त्रज्ञाने हे ऐकून सोडून दिलं असतं. दुसऱ्या एखाद्याने भारावून जाऊन ते तसंच अहवालात लिहिलं असतं. गाडगीळ-प्रसाद यांनी तिसरी गोष्ट केली: गावकऱ्यांचं म्हणणं आणि खात्याचं म्हणणं दोन्ही सारख्याच दर्जाची अनुमानं मानली आणि दोन्हींची परीक्षा घेतली. काटे काढलेली बेटं, काटे राखलेली बेटं, उगवलेले कोंब, वाचलेले कोंब, अशा नोंदी तीन वर्षं केल्या. गावकरी बरोबर निघाले. काटे काढलेल्या बेटांत कोंब मोठ्या प्रमाणावर नष्ट होत होते. म्हणजे खात्याचं ‘गुरं कोंब खातात’ हे म्हणणंही अर्धं खरं होतं. गुरं खात होतीच, पण खायला वाट कुणी करून दिली, हा पुढचा प्रश्न खात्याने स्वतःला विचारला नव्हता.

जनावरांनी खाल्लेला कोंब दिसतो, म्हणून दोष जनावरांच्या मालकाला लागतो. काढून टाकलेला काटा दिसत नाही. समाजातल्या कितीतरी वादांत दुबळ्यावर येणारा आरोप असाच दिसणाऱ्या गोष्टीवर उभा असतो. तो खोडायला सहानुभूती पुरत नाही, तीन वर्षांच्या नोंदी लागतात.

मग उरला दीड रुपया. कारखान्याने स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतला? ज्या बांबूवर यंत्रं चालतात तो टिकावा असं मालकाला का वाटू नये? याचं गणित त्याच काळात कॅनडातले कॉलिन क्लार्क यांनी १९७३मध्ये मांडलं होतं, देवमाशांच्या शिकारीच्या संदर्भात. एखाद्या नैसर्गिक साधनाच्या वाढीचा वेग बँकेतल्या व्याजापेक्षा कमी असेल, तर निव्वळ नफा पाहणाऱ्याला ते साधन राखण्यापेक्षा एकदम संपवून पैसा दुसरीकडे गुंतवणं फायद्याचं ठरतं. त्यात साधनच जवळजवळ फुकट मिळत असेल, तर ते जपण्याचं कारण उरतच नाही. म्हणून दीड रुपया हा केवळ मेदारांवरचा अन्याय नव्हता. तो जंगलाच्या नाशाचा थेट कारक होता. बांबूची खरी किंमत द्यावी लागली असती, तर कारखान्याने बेटांची निगा ठेवण्याचा, शेतकऱ्याकडून बांबू लावून घेण्याचा विचार पहिल्याच वर्षी केला असता. कोंबांच्या मोजणीतून निघालेला अभ्यास असा दरपत्रकापाशी येऊन पोहोचला. जीवशास्त्रज्ञाने किमतीबद्दल बोलू नये असं त्या काळी अनेकांना वाटत असणार. पण धनंजयरावांच्या मुलाला ते अवघड नव्हतं.

वनाधारित उद्योगांना मिळणाऱ्या सवलती काढून घ्याव्यात असा या अभ्यासाचा रोख होता, आणि त्यानंतर सरकारला त्या सवलतींचा फेरविचार करावा लागला. तेवढ्याने जंगल वाचलं असं मात्र झालं नाही. जवळचा बांबू संपला की लांबचा, राज्यातला संपला की परराज्यातला, असा कारखान्यांचा प्रवास चालू राहिला. मग निलगिरी आली. सह्याद्रीच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात नैसर्गिक जंगल तोडून निलगिरी लावली गेली आणि तिथे गुलाबी बुरशीच्या रोगाने ती झाडं पोखरली. इथेही आधी मोठ्या उत्पादनाचे अंदाज, नंतर निराशा. १९८०च्या दशकात कर्नाटक सरकार आणि एका खासगी उद्योगाने मिळून ‘कर्नाटक पल्पवुड’ कंपनी काढली आणि गावांची हजारो हेक्टर पडीक-गायरान जमीन निलगिरीसाठी तिच्या हवाली करायचं ठरवलं. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला १४ नोव्हेंबर १९८७ रोजी गावकऱ्यांनी ती रोपं उपटून त्यांच्या जागी उपयोगाची झाडं लावण्याचा सत्याग्रह केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९१मध्ये कंपनी गुंडाळली गेली.

दरम्यान १९८८चं राष्ट्रीय वनधोरण आलं. उद्योगांना सवलतीच्या दराने वनोपज देण्याची पद्धत थांबली पाहिजे, कच्चा माल त्यांनी शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून उगवून घ्यावा, आणि जंगलावर पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांच्या गरजांचा, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. याचं श्रेय एका अभ्यासाला देणं चूक होईल. चिपको आणि अप्पिको ही जंगल वाचवण्याची आंदोलनं, आदिवासी संघटना, अनेक अभ्यासक, सगळ्यांचा रेटा त्यामागे होता. गाडगीळ त्या काळात पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर होते, एवढं नोंदवतो. १९७५मध्ये मेदारांनी केलेली तक्रार तेरा वर्षांनी देशाच्या धोरणाच्या भाषेत आली. उशीर मोठा होता.

बेंगळुरूच्या त्याच आवारात त्याच वर्षांत आणखी एक माणूस प्रयोगशाळेबाहेर पडला होता. अमूल्य कुमार रेड्डी हे विद्युत-रसायनशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी जॉन बॉक्रिस यांच्यासोबत लिहिलेला ग्रंथ त्या विषयाचं प्रमाण पाठ्यपुस्तक होता. १९७४मध्ये त्यांनी धवन यांच्या पाठिंब्याने ‘अस्त्र’ सुरू केलं, ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्याचा कार्यक्रम. तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्रा परिसरात त्यांच्या गटाने आधी यंत्र नेलं नाही, पाहणी केली: गावात ऊर्जा येते कुठून, जाते कुठे, आणि तिच्यासाठी कोण किती राबतं. उत्तर होतं जळण, आणि ते गोळा करणाऱ्या बायका आणि मुलं. सरकारच्या ऊर्जा आकडेवारीत हे श्रम कुठेच नव्हते. पुरा या साडेतीनशे वस्तीच्या गावात सामुदायिक गोबर गॅस संयंत्र बसवलं, पण सगळ्या चुली पेटतील इतका वायू शेणातून निघेना. तेव्हा गटाने गावाशी बोलून उद्देशच बदलला. १९८७पासून त्या वायूवर इंजिन चालवून नळाचं पाणी आणि दिवे दिले. बायकांचा पाणी भरण्याचा त्रास कमी झाला आणि संयंत्र चालवण्यात गावाला रस निर्माण झाला. शास्त्रज्ञांनी ठरवलेली गरज आणि गावाने सांगितलेली गरज यांतलं अंतर पुराने दाखवून दिलं. त्याच सुमारास रेड्डींनी कर्नाटकच्या वीज नियोजनातल्या फुगवलेल्या मागणीच्या अंदाजांवर पर्यायी आराखडा मांडला. बांबूच्या साठ्याचा आकडा आणि विजेच्या मागणीचा आकडा, दोन्हींची कथा एकसारखी आहे.

सुलोचनाबाईंबद्दल दोन वाक्यांत आवरणं अवघड आहे. मान्सूनचे ढग कोणत्या पट्ट्यात जमतात आणि कसे उत्तरेकडे सरकतात यावरचं त्यांचं डी. आर. सिक्का यांच्यासोबतचं १९८०चं काम पायाभूत मानलं जातं. पण पुढे त्यांनी आणि पी. आर. शेषगिरी राव यांनी अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्याचा प्रश्न हाती घेतला: पेरणी केव्हा केली तर पीक हाती लागण्याची शक्यता जास्त? शेतकऱ्यांचे निर्णय, पावसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी आणि पिकाचं गणित त्यांनी एकत्र तपासलं. वेधशाळेचा अंदाज ‘सरासरीच्या इतके टक्के’ असा येतो. शेतकऱ्याला हवी असते तारीख. ही तारीख शास्त्रज्ञाने शोधावी असं त्यांना वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

१९८३मध्ये विज्ञान संस्थेत पर्यावरणशास्त्र केंद्र उभं राहिलं, गाडगीळांच्या पुढाकाराने. रामन सुकुमार यांनी हत्ती आणि शेतकरी यांच्यातला संघर्ष अभ्यासला, रामचंद्र गुहा काही काळ तिथे होते आणि गाडगीळांसोबत त्यांनी भारताच्या पर्यावरणाचा इतिहास लिहिला. त्याच सुमारास मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रांसोबत गाडगीळ पश्चिम महाराष्ट्रातल्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीच्या पद्धती नोंदवत होते. एकाच माळावर फिरणारे हे समाज वेगवेगळे प्राणी वेगवेगळ्या साधनांनी धरत आणि एकमेकांच्या पोटावर पाय देत नसत. यातून जातिव्यवस्थेचं समर्थन काढणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि त्या मांडणीवर टीकाही झाली. पण भटक्यांच्या ज्ञानाची इतक्या बारकाईने नोंद घेणारं दुसरं जीवशास्त्राचं केंद्र तेव्हा देशात मला दिसत नाही.

२००४मध्ये निवृत्त होऊन गाडगीळ पुण्याला परतले. २०११च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यावर उठलेलं वादळ मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात बांबूच्या इतिहासातली एक महत्त्वाची गोष्ट घडली, तिची चर्चा त्यामानाने कमी झाली. वनहक्क कायद्याने या गावाला अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क २००९मध्येच मिळाला होता. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून नोंदलेला असतानाही वनखातं त्याला झाड मानून वाहतुकीचा परवाना देत नव्हतं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि त्यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या जंगलातला बांबू कुणाला, कसा विकायचा हे तिथे आता ग्रामसभा ठरवू लागली.

त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू विकू लागल्या. विक्रीचा हिशेब त्या ठेवतात. बेटांचा हिशेब, म्हणजे दर पावसाळ्यात किती कोंब उगवले आणि किती वाचले, हा मात्र सगळीकडे ठेवला जात नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातली चार मुलं, नागपूर किंवा पुण्याच्या महाविद्यालयातले दोन विद्यार्थी, खुणा केलेली पन्नास बेटं आणि तीन पावसाळे, एवढं पुरे. ते काम यंदाच्या आषाढात सुरू करता येईल.